टेबलावरचा समुद्र : बंगळुरूतील छोट्या प्रवाळ टाक्यांचे विज्ञान आणि कायदा

बंगळुरू : समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूपासून मंगळुरूचा किनारा रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर दूर आहे आणि चेन्नईचाही जवळपास तेवढाच. तरीही या शहरातील काही घरांत वीस ते चाळीस लिटर खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत समुद्राचा एक तुकडा नांदताना दिसतो. निळसर दिव्याखाली हिरवे, जांभळे, नारिंगी प्रवाळ उजळतात. सोबत एखादा बोटाएवढा गोबी मासा आणि दोन-चार गोगलगाई असतात. ‘नॅनो रीफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाभोवती दोन गैरसमज आहेत. टाकी लहान म्हणजे सांभाळायला सोपी, हा पहिला. दुसरा अधिक महागात पडणारा आहे. दुकानातून पावतीसह आणलेली वस्तू बाळगणे कायदेशीरच असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या टाक्यांत ठेवले जाणारे काही प्रवाळ भारतीय कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसवले आहेत.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो जेलीफिश आणि समुद्रपुष्प यांच्या गोतावळ्यातील प्राणी आहे. एका वसाहतीत शेकडो ‘पॉलिप’ असतात आणि प्रत्येक पॉलिप म्हणजे तोंड, पोट व भोवतीच्या स्पर्शिका. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचा सांगाडा बांधतात. मृदू प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशापासून अन्न तयार करते आणि प्रवाळाची बहुतांश ऊर्जेची गरज भागवते. टाकीवर प्रखर निळा दिवा लागतो तो यासाठीच. पाण्यात खोलवर पोहोचणारा आणि हे शैवाल उत्तम वापरणारा प्रकाश निळाच असतो. मराठी घरांत अंगठीत जडवले जाणारे पोवळे हेही प्रवाळाचेच रूप, पण ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रात अंधाऱ्या जागी वाढणाऱ्या वेगळ्या जातीचे असते. त्याच्या पेशींत असे शैवाल नसते.

घरात प्रवाळ जगवण्याचा प्रयत्न नवा नाही. ॲना थिन या ब्रिटिश महिलेने 1846 मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले आणि काचेच्या भांड्यात ठेवले. पंप नव्हता, वीज नव्हती. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून घरातील मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बराच वेळ ओतत असे. आज हे काम हाताच्या मुठीएवढा पंप करतो. मात्र वीज गेली की प्रश्न पुन्हा तोच उभा राहतो, म्हणून जाणकार बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवतात.

लहान टाकी अवघड का, हे साध्या अंकगणितातून कळते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तीस लिटरच्या टाकीतून दिवसभरात एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर क्षार टाकीतच उरतात आणि हे प्रमाण 35 वरून 36 च्या पुढे जाते. दोन दिवस दुर्लक्ष झाले तर ते साडेसदतीसपर्यंत पोहोचते. तीनशे लिटरच्या टाकीत हाच बदल जेमतेम जाणवला असता. म्हणून वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई रोज आणि तीही गोड्या पाण्यानेच करावी लागते. खारे पाणी ओतले तर क्षार आणखी वाढतात. नवख्यांच्या टाक्या बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हे क्षार स्वयंपाकघरातील मिठाने तयार होत नाहीत. समुद्रातील क्षारांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा सुमारे 85 टक्के असतो; उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक घटक येतात. प्रवाळाचा सांगाडा या उरलेल्या भागावरच उभा राहतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिपटीहून अधिक मॅग्नेशियम असते. कठीण प्रवाळ वाढू लागले की लहान टाकीतील हा साठा भराभर कमी होतो. मृदू प्रवाळांच्या टाकीत आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलले, तरी सहसा भरपाई होते.

पाणी आणायचे कुठून, हा बंगळुरूतील खरा प्रश्न आहे. शहराचे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तेही चढावर उपसून आणले जाते. अनेक वसाहती कूपनलिका आणि टँकरवर चालतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, कूपनलिकेच्या पाण्यातील नायट्रेट, जुन्या जोडण्यांतून उतरणारे तांबे यांपैकी काहीही प्रवाळांना चालत नाही. तांबे तर अपृष्ठवंशीय जिवांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. त्यामुळे आरओ यंत्रातून गाळलेले आणि शक्यतो त्यानंतर आयनमुक्त केलेले पाणी वापरतात. घरगुती आरओ यंत्रे शुद्ध पाण्यापेक्षा अधिक पाणी बाहेर टाकतात. मार्च 2024 मधील टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी व बागेसाठी वापरण्यावर बंदी घालून पाच हजार रुपयांचा दंड जाहीर केला होता. आठवड्याला थोडेच शुद्ध पाणी लागणारी छोटी टाकी या हिशेबात मोठ्या टाकीहून निश्चितच परवडते. बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला वापरले तर तेवढाही भार राहत नाही.

बंगळुरूची सौम्य हवा ही या छंदाची जमेची बाजू मानली जाते. प्रवाळांना 25 ते 26 अंश सेल्सिअस पाणी मानवते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एक छोटा हीटर पुरतो. उन्हाळ्याची खात्री मात्र आता राहिलेली नाही. 25 एप्रिल 2016 रोजी शहरात 39.2 अंश आणि 28 एप्रिल 2024 रोजी 38.5 अंश तापमान नोंदले गेले. बंद सदनिकेतील लहान टाकी खोलीइतकी तापायला फार वेळ लागत नाही. त्यात दिव्याची आणि पंपाची उष्णता मिसळते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण वाफ वाढते आणि क्षारांचे गणित पुन्हा बिघडते. या छंदात एका उपायातून दुसरा प्रश्न निघतो तो असा.

पाणी तयार झाले म्हणून त्यात लगेच प्राणी सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून व सडणाऱ्या अन्नातून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू सच्छिद्र खडकांवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत केवळ खडक, वाळू आणि पाणी असते. दुकानदार घाई करतात आणि खरेदीदारही. त्याची किंमत टाकीत सोडलेला जीव मोजतो.

यानंतर प्रश्न येतो कायद्याचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. त्यात भित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. येथे ‘सर्व’ हा शब्द कळीचा आहे. यादी एखाद्या भारतीय जातीची नसून संपूर्ण गणाची असल्याने, ‘हा इंडोनेशियाहून आलेला आहे’ या खुलाशाने प्रश्न सुटत नाही. असे प्रवाळ समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हे गुन्हे आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपयांचा दंड अशी तरतूद आहे. मृत प्रवाळही यातून सुटत नाही. अंदमानहून परतणाऱ्या पर्यटकांच्या सामानातून प्रवाळाचे तुकडे विमानतळावर जप्त होतात ते याच कायद्यान्वये.

कायदा किती बारकाईने लागू होतो, याचे उदाहरण मुंबईत घडले. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या 18 छोट्या वसाहती आढळल्या. त्यांनी व्यापलेली जागा मिळून अर्धा चौरस मीटरही नव्हती. तरीही महापालिकेला त्या हलवण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्यांचे स्थलांतर झाले. हजारो कोटींच्या प्रकल्पाला तळहाताएवढ्या प्रवाळासाठी थांबून परवानगी घ्यावी लागते, तर टेबलावरच्या टाकीला वेगळा न्याय कसा लागेल?

2022 च्या दुरुस्तीने आणखी एक पायरी वाढवली. वन्यप्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या यादीतील जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यांचे जिवंत नमुने बाळगणाऱ्यांनी ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी, असे 28 फेब्रुवारी 2024 रोजी अधिसूचित झालेले नियम सांगतात. आधीपासून बाळगलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. मात्र कठीण प्रवाळ दोन्ही अनुसूचींत येत असल्याने त्यांना पहिल्या अनुसूचीचे कडक नियमच लागू होतात. नोंदणी म्हणजे परवाना नव्हे.

मग छंदाला उरते काय? झोॲन्थिड, ‘मशरूम’ म्हणून ओळखले जाणारे प्रवाळसदृश जीव आणि चामड्यासारखे मऊ ‘लेदर’ प्रवाळ हे कठीण प्रवाळांच्या गणात मोडत नाहीत आणि साइट्सच्या यादीतही नाहीत. नवख्यांसाठी तेच अधिक सोयीचे आहेत, कारण त्यांना कमी प्रकाश व कमी कॅल्शियम पुरते आणि एका वसाहतीचे कापे काढून दुसरी वाढवता येते. अर्थात परदेशातून जिवंत जलचर आणायचे तर आयात परवानगी व विलगीकरणाचे नियम पाळावेच लागतात. दुकानात व्यापारी नावे वाट्टेल ती असतात. म्हणून खरेदीपूर्वी शास्त्रीय नाव विचारणे, ते लेखी घेणे आणि तळाशी चुनखडीचा कठीण सांगाडा दिसल्यास तो जीव न घेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

या कडकपणामागे कारण आहे. भारतात प्रवाळभित्ती मुख्यत्वे कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथेच आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगत आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आढळतात. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने काही आठवडे अधिक राहिले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने जगातील चौथ्या व्यापक प्रवाळ विरंजनाची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील कठीण प्रवाळांचे मोठे विरंजन नोंदवले.

घरातील सुरक्षेचाही एक मुद्दा सहसा दुकानात सांगितला जात नाही. काही झोॲन्थिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. खडकावरून त्यांना काढण्यासाठी उकळते पाणी ओतल्याने वाफेतून विष श्वासात जाऊन संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांना हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, कापलेल्या हाताने टाकीत काम करू नये आणि खडक कधीही उकळू नयेत. छंद सोडायचा झाल्यास जीव दुसऱ्या जाणकार पालकाकडे सोपवावेत. तलावात ते मरतील आणि समुद्रात सोडल्यास परक्या जाती व रोग पसरण्याचा धोका असतो.