पहाटे धार, दुपारी तत्त्वज्ञान!

कॉलेज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मोठी इमारत, नोटीस बोर्डापुढची गर्दी, कँटीनमधला गोंगाट! आता एक वेगळेच कॉलेज डोळ्यांपुढे आणा. सगळे मिळून विद्यार्थी पंचवीस-तीस. फी एक पैसाही नाही; राहणे-जेवणेही फुकट. आणि भल्या पहाटे कोणीतरी गोठ्यात बसून गाईची धार काढतो आहे. तो गडी नव्हे बरं का, तिथला विद्यार्थीच आहे!

हे कॉलेज आहे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात. नाव 'डीप स्प्रिंग्ज'. चहूकडे डोंगर, मध्ये ओसाड खोरे, आणि त्यात हे कॉलेज, त्याची शेती आणि गुरे. बिशप नावाच्या गावी जायचे तर मोटारीनेही तासभर लागतो.

१९१७ मध्ये ते सुरू केले एल. एल. नन या उद्योजकाने. ननचा धंदा विजेचा. १८९१ मध्ये कोलोरॅडोतल्या डोंगरात त्याने पाण्यावर वीज तयार करून ती तारांमधून दूरच्या खाणीपर्यंत पोहोचवली. त्या काळी हे मोठेच धाडस होते! आपल्या वीजकेंद्रांत राबणाऱ्या तरुणांना तो काम करता करता शिकवीत असे. त्यातूनच त्याला या कॉलेजची कल्पना सुचली. अभ्यास, श्रम आणि स्वतःचा कारभार स्वतः चालवणे, ही त्याची तीन सूत्रे आजही तिथे पाळली जातात.

प्रत्येकाने आठवड्याला सुमारे वीस तास काम करायचे. कोणी स्वयंपाक करतो, कोणी भांडी घासतो, कोणी लसूणघासाच्या शेताला पाणी देतो, तर कोणी घोड्यावर बसून गुरे वळतो. कोणाला कोणते काम, हे ठरवतो मुलांनीच निवडून दिलेला एक विद्यार्थी. "आज कंटाळा आला" म्हणून चालत नाही. परीक्षेचा पेपर कोरा ठेवला तर नुकसान आपले एकट्याचे. पण धार काढायला उठलो नाही तर गाय खोळंबते आणि नाश्त्याला सगळ्यांचे दूध बंद!

मग अभ्यास कधी? तोही भरपूर असतो. हे 'लिबरल आर्ट्‌स' कॉलेज आहे. म्हणजे नुसती कला शाखा नव्हे. इथे साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास यांच्या जोडीला गणित आणि विज्ञानही शिकता येते. वर्गात मुले मोजकीच, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोयच नाही! पुस्तक वाचून यायचे आणि त्यावर बोलायचे. सर्वांपुढे उभे राहून भाषण करणे हा तर सक्तीचाच विषय. दोन वर्षांनी बहुतेक जण पुढच्या पदवीसाठी मोठ्या विद्यापीठांत जातात.

खरी गंमत पुढेच आहे. पुढच्या वर्षी कोणाला प्रवेश द्यायचा, कोणते विषय शिकवायचे, कोणते प्राध्यापक बोलवायचे, या निर्णयांत विद्यार्थ्यांचा मोठा वाटा असतो. विश्वस्त मंडळातही विद्यार्थी बसतात आणि मत देतात. सत्र चालू असताना दारू पूर्ण बंद आणि कारणाशिवाय खोरे सोडायचे नाही, हे नियमही मुलेच स्वतःला घालून घेतात. ऐकायला मजा वाटते. पण विचार करा, प्रवेशाचे अर्ज तुमच्या हातात आहेत आणि जागा दहा-पंधराच. कोणाला नाही म्हणाल? ज्याला निवडाल त्याच्याबरोबर वर्षभर राहायचे, राबायचे आहे!

मोठ्यांनाही निर्णय सोपे नसतात. शंभर वर्षे तिथे फक्त मुलगेच शिकत. २०११ मध्ये विश्वस्तांनी मुलींना प्रवेश द्यायचे ठरवले. ननने आपल्या दस्तऐवजात तरुण पुरुषांच्या शिक्षणासाठी असे लिहिले होते, म्हणून प्रकरण कोर्टात गेले. अखेर २०१८ मध्ये पहिल्या मुली तिथे शिकायला आल्या. आता त्याही धार काढतात, मतही देतात.

तुमच्या घरी गोठा नसेल, खोरेही नसेल. पण घरातले असे एक काम शोधा, जे तुम्ही केले नाही तर सगळ्यांचे अडेल. आणि आईबाबा, ते काम मुलांवर सोपवल्यावर मागून जाऊन हळूच करून टाकू नका हं!