दुर्बीण घेताना आकडे वाचा

भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जायचं म्हणून अनेक जण दुर्बीण घ्यायला निघतात आणि दुकानात ‘२०×५०’ अशा मोठ्या आकड्याला भुलतात. पैसे वाया जातात ते इथेच.

पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८×४२ चं उत्तर येतं ५.२५, डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत तितके मिलिमीटर रुंद असतो. २०×५० मध्ये तो २.५ च उरतो. अंधुक उजेडात बाहुली याहून बरीच मोठी होते, त्यामुळे ऐन पहाटे, पक्षी हालचाल करतात तेव्हाच, चित्र काळवंडतं. शिवाय हाताचा कंपही वीसपट दिसतो.

बजेट बेताचं असेल तर पोरो लोलकाची, म्हणजे जुन्या रुंद घडणीची दुर्बीण घ्या. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीतले लोलक फार काटेकोर घडवावे लागतात. स्वस्त मॉडेलमध्ये काटकसर तिथेच होते. झूमवाल्या आणि लालभडक भिंगांच्या दुर्बिणी टाळा.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा, सूर्याकडे कधीही नाही. मागच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा चौकोनी छाटल्यासारख्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी समजा. मग दूरची विजेची तार बघा. एकीच्या दोन दिसल्या किंवा डोळे ताणले, तर दुसरी दुर्बीण मागा. चष्मा असेल तर तो लावूनच पारखा.