डेटाबेस जोडणीचा प्रोटोकॉल

डेटाबेस जोडणीचा प्रोटोकॉल म्हणजे एखादा अनुप्रयोग आणि डेटाबेस सर्व्हर यांच्यातील माहिती ज्या मार्गाने ये-जा करते, त्या मार्गाची नियमावली होय. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये असे तीन मार्ग आहेत : शेअर्ड मेमरी, टीसीपी/आयपी आणि नेम्ड पाइप्स. (व्हीआयए हा चौथा मार्ग २०१२ च्या आवृत्तीत वगळण्यात आला.) तिन्ही मार्गांवरील संदेश 'टॅब्युलर डेटा स्ट्रीम' या एकाच स्वरूपाचे असल्याने क्वेरीच्या उत्तरावरून मार्ग ओळखता येत नाही.

ओळखण्याची पद्धत

सर्व्हरवर कोणते प्रोटोकॉल सुरू आहेत हे कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये दिसते. परंतु विशिष्ट जोडणी त्यांपैकी कोणता वापरते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 'सिस' स्कीमातील 'डीएम_एक्झेक_कनेक्शन्स' या व्ह्यूमधील 'नेट_ट्रान्सपोर्ट' हा स्तंभ पाहतात. एकाच जोडणीवर एकाच वेळी अनेक क्वेरी हाताळणारी 'मार्स' सुविधा सुरू असल्यास अतिरिक्त नोंदींपुढे प्रोटोकॉलऐवजी 'सेशन' असा शब्द येतो. तेव्हा मूळ जोडणीची नोंद शोधावी लागते. हा व्ह्यू पूर्णपणे पाहण्यास विशेष परवानगी लागते. केवळ चालू जोडणीची माहिती हवी असल्यास 'कनेक्शनप्रॉपर्टी' हे फंक्शन पुरेसे असते.

तपासणीची जागा

तपासणी कोठून केली, याला पद्धतीइतकेच महत्त्व आहे. समजा, सर्व्हर परळच्या कार्यालयात आहे आणि गिरगावच्या शाखेतून जोडणी होत नाही. परळच्या सर्व्हरवर बसूनच जोडणी करून पाहिली, तर ती बहुधा यशस्वी होते. कारण त्याच संगणकावरील जोडणीसाठी शेअर्ड मेमरीला प्राधान्य मिळते आणि नेटवर्कचा संबंधच येत नाही. टीसीपी/आयपी बंद असले, तरी हा दोष तेथे दिसणार नाही. सर्व्हरच्या नावाआधी रोमन लिपीत 'टीसीपी' व अपूर्णविराम लिहिल्यास तोच प्रोटोकॉल वापरण्याची सक्ती होते. मात्र वाटेतील फायरवॉलने १४३३ हा नेहमीचा पोर्ट अडवला आहे काय, हे गिरगावहून तपासल्याशिवाय समजत नाही.

इतर प्रणाली

मायएसक्यूएलमध्ये नावावरूनच गफलत होते. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिल्यास युनिक्स सॉकेट वापरले जाते, तर १२७.०.०.१ लिहिल्यास टीसीपी/आयपी. संगणक तोच, मार्ग निराळा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'आयनेट_क्लायंट_अ‍ॅड्र' हे फंक्शन युनिक्स सॉकेटवरील जोडणीसाठी रिकामे उत्तर देते.