आईच्या सुया आणि दिव्याची कंबर

आई सोलापूरहून चेन्नईला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत विणायच्या सुया होत्या. पण इथल्या उकाड्यात स्वेटर घालणार कोण? महिनाभर सुया कपाटातच राहिल्या. मग मी म्हटलं, दिव्यासाठी विण.

पहिला दिवा फसला. ॲक्रिलिकची लोकर आणि आत जुना पिवळा बल्ब. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते, त्यामुळे तासाभरात लोकर वितळून चिकटली. आता आम्ही सुती दोरा आणि नऊ वॅटचा एलईडी वापरतो, तोही कापडापासून वीतभर लांब.

खरी गंमत पुढेच आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात, ते फारसं ताणत नाही. सुयांवरच्या विणकामात एकच धागा टाक्यातून टाका काढत जातो. रुंदीत ओढलं की उंची घटते आणि टाक्यांची तोंडं उघडतात. बनियन अंगावर ताणतो तो यामुळेच. तिरुपूरला त्याचं कापड गोल यंत्रावर सलग नळीसारखं निघतं. तशीच नळी विणून वर-खाली मोठ्या तारेच्या कड्या लावल्या की मध्ये आपोआप कंबर येते. कड्यांजवळ टाके उघडे, तिथून उजेड मोकळा. कमरेशी दाट, तिथे अंधुक. दिव्यावरची सावली ताण ठरवतो. आई याला नुसतं ‘सैल हात, घट्ट हात’ म्हणते!

इथून जवळच, महाबलीपुरमला, १९९७ मध्ये जॅनेट एशेलमन ही अमेरिकन चित्रकार फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आली होती. तिचे रंग पोचलेच नाहीत. किनाऱ्यावर जाळ्यांचे ढीग पाहून तिने कोळ्यांच्या मदतीने जाळ्यांची शिल्पं केली. जाळं गाठींचं, आमचं काम टाक्यांचं, पण दोन्हीला आकार देतो तो ताणच. २००९ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात तिचं प्रचंड जाळं पोलादी कड्यांवर उभं राहिलं. रात्री त्यावर बाहेरून रंगीत झोत पडतात, म्हणून धागे उजळतात आणि भोकं काळी राहतात. आमच्या दिव्यात प्रकाश आतून, म्हणून भोकं उजळ आणि धागा काळा.

एक अडचण मात्र चेन्नईचीच. दमट हवेत सुती दोरा पाणी धरतो, विणकाम ओघळतं. पहिल्या पावसानंतर आमचा दिवा बोटभर लांबला, कंबरही गेली. आईने तो अख्खा उसवला. आता चार ओळी कमी करून पुन्हा सुया चालू आहेत.