चेंडू उचलायचा नसतो

साठी उलटल्यावर माणसानं नव्या नादाला लागू नये, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. ठराव मोडला तो मीच. निवृत्तीनंतर एका स्नेह्याच्या आग्रहाखातर पुण्यात गोल्फच्या मैदानावर गेलो आणि अडकलो. महिन्याभरात काठ्याही घेतल्या. दुकानदारानं विचारलं, ‘‘ड्रायव्हर किती अंशांचा देऊ?’’ भिंतीवरच्या चित्रातला खेळाडू ९ अंशांचा वापरतो, असं कळलं. मग आपणही ९च! १२ अंशांचाही होता. पण तो ‘ज्येष्ठ आणि महिला’ अशी पाटी लावलेल्या फळीवर. त्या फळीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढचे सहा महिने माझा चेंडू सशासारखा गवतातून पळत राहिला. तो वर उडावा म्हणून मी गुडघे मोडून, खांदा झुकवून त्याला खालून उचलायला जायचो. चेंडू काही उडाला नाही, पाठ मात्र धरली. ‘आता वय झालं, काठ्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात’ इथवर मन आलं. तेव्हा एका सकाळी माझा कॅडी, जन्मभर लोकांच्या पिशव्या वाहिलेला माणूस, न राहवून म्हणाला, ‘‘साहेब, चेंडू आपण उचलायचा नसतो. ते काम काठीचं. पण ही काठी तुमची नाही.’’

राग आला. पण त्या रागातच मी लॉफ्ट ही काय भानगड आहे, ते नीट समजून घेतलं.

काठीच्या ज्या सपाट बाजूनं चेंडू मारायचा, ती मागे किती कललेली आहे, त्या मापाला लॉफ्ट म्हणतात. बंद दार सरळ उभं असतं, कौलारू छप्पर मागे कललेलं असतं. गोल्फच्या काठ्या या दोहोंच्या मधल्या. चेंडू हलकेच भोकाकडे लोटणारा पटर ३-४ अंशांचा, म्हणजे जवळजवळ दारच. लांब मारायचा ड्रायव्हर साधारण ८ ते १३ अंशांचा. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढणारी सँड वेज ५६ अंशांच्या आसपास, म्हणजे छप्पर. कल वाढला की चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो.

मग लांब मारायचं तर कल कमीच हवा, नाही का? माझी समजूत हीच होती आणि गोम इथेच आहे. कललेल्या बाजूवर आदळलेला चेंडू उडताना उलटा फिरत जातो आणि ही उलटी फिरकी त्याला हवेत तोलून धरते. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर टेट यांनी १८९०च्या दशकात हे गणितानं मांडलं. त्यांना उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसेल, कारण त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकलेला!

व्यावसायिक खेळाडूंच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं. तिथे ९ अंशांतही चेंडूला भरपूर उंची मिळते. माझा वेग १३०च्या आतला. अशा वेगाला ९ अंश दिले की चेंडू चढण्याआधीच पडतो. १२ दिले की तो हवेत राहतो आणि अधिक लांब जातो. शिवाय उजवी-डावीकडे भरकटणंही थोडं कमी होतं.

निवडताना म्हणून आधी आपला चेंडू पाहावा. खालून जाऊन लवकर पडत असेल, तर कल वाढवावा. फुग्यासारखा वर चढून जागच्या जागी उतरत असेल, तर कमी करावा. दोन-तीन काठ्यांनी दहा-दहा चेंडू मारून बघावेत. एखादा चुकून लागलेला लांब फटका धरू नये, दहांची सरासरी धरावी.

काठीवर कोरलेल्या आकड्यावरही विसंबू नये. पूर्वी ७ नंबरच्या लोखंडी काठीचा कल ३६-३८ अंश असे. आज कित्येक ३०च्या आसपास असतात. म्हणजे जुन्या ५ नंबरवर ७चा शिक्का! त्यामुळे पिचिंग वेज ४४ अंशांची आणि सँड वेज ५६ची, असंही होतं. मधल्या १२ अंशांच्या अंतरात कुठला फटका मारायचा ते कळत नाही. तिथे ५०ची एक वेज घालावी. पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात, तेव्हा वेजेसमध्ये ४ ते ६ अंशांची पायरी राहील असं बघावं.

हे सगळं पटूनही दुकानाची पायरी चढवेना. ती पाटी आठवायची. शेवटी सौ. म्हणाली, ‘‘अहो, चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा शेजाऱ्याच्या नंबरचा आणलात का?’’

दुसऱ्या दिवशी त्या फळीवरून १२ अंशांचा ड्रायव्हर उचलला. रविवारी पहिल्याच फटक्याला काठी सरळ फिरवली, चेंडू उचलायला गेलो नाही. तो वर चढला आणि बराच वेळ खाली यायलाच तयार नव्हता. कॅडी काहीच बोलला नाही. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि रोज थांबायच्या त्या झाडाला मागे टाकून पुढे चालू लागला.