अंड्यातून नुकतंच आलेलं पिल्लू आजारी असेल तर काय करावं?



परिसर अभ्यासात प्राण्यांचा पाठ सुरू झाला की वर्गात कोणी ना कोणी काहीतरी जिवंत घेऊन येतंच. गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलीने खाऊच्या डब्यात कोंबडीचं पिल्लू आणलं. आदल्या रात्री अंड्यातून निघालेलं. कोंबडी बाकीची सात पिल्लं घेऊन उठून गेली आणि हे एकटं खुराड्यात ओलं, गार पडून राहिलं. मुलीचा पहिला प्रश्न होता, "बाई, ह्याला दूध पाजू का?"

आपल्यापैकी बहुतेकांना असंच सुचतं. आजारी जीव दिसला की आधी काहीतरी खायला घालायचं. पण कोंबडीचं पिल्लू काही दूध पिणारं बाळ नाही, त्याला दूध पचत नाही. आणि पहिले दोन-तीन दिवस त्याला भुकेची तेवढी अडचणही नसते. अंड्यातून बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला पिवळा बलक पिल्लू बेंबीवाटे पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरच्या गावी पाठवता येतात ती याच शिदोरीच्या जोरावर.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी दाणा. दुबळी पिल्लं पुष्कळदा मोठ्या आजाराने मरत नाहीत. गारठ्याने, तहानेने आणि आपल्या घाईने मरतात.

ऊब कशी द्यायची?

नवीन पिल्लाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. अंगावरची लव जाऊन खरी पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर ऊब बाहेरूनच मिळायला हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सिअस तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुनं टॉवेल किंवा गोणपाट अंथरा आणि एका बाजूला 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकता कामा नये. एलईडीचा उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब नाही! बल्ब एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे फार गरम वाटलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा.

थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर थंडी वाजतेय. लांब कोपऱ्यात चोच उघडी टाकून बसली असतील तर फार गरम होतंय. खोकंभर पसरून हळू आवाजात चिवचिवत असतील तर बरोबर आहे. मुलांना हे निरीक्षण फार आवडतं, आणि ते कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवून जातं.

पिल्लू अगदीच मलूल असेल, मान टाकली असेल, तर चोचीत काहीही घालू नका. गिळायची ताकद नसते आणि पाणी सरळ श्वासनळीत जातं. आधी गरम होऊ द्या. मान धरायला लागलं की कोमट पाणी. कपभर पाण्यात अर्धा चमचा साखर किंवा गूळ पहिल्या काही तासांपुरता चालेल, नंतर साधं पाणी. बोट पाण्यात बुडवून थेंब चोचीच्या कडेला लावायचा, तो ते आपण होऊन ओढून घेतं. ड्रॉपरने घशात सोडायचं नाही. पाण्याची वाटी उथळ हवी, आत चार खडे टाकलेले. नाहीतर दुबळं पिल्लू त्यातच पडून भिजतं आणि पुन्हा गारठतं. दाणा नंतर: मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचं तयार खाद्य.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी मी घरच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती, मुलांना दाखवायला. एकविसाव्या दिवशी एका अंड्याला चोचीएवढं छिद्र पडलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पिल्लू काही बाहेर येईना. मुलं सारखी विचारत होती. मी कवच सोलायला घेतलं. दुसऱ्याच तुकड्याला रक्त आलं. पिल्लू बाहेर निघालं ते बलक अजून पोटाबाहेर लोंबत असताना. रात्रभरही टिकलं नाही.

नंतर समजून घेतलं. पहिलं छिद्र पडल्यापासून बाहेर यायला 12 ते 24 तास लागू शकतात, आणि तो वेळ वाया जात नसतो. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात रक्तवाहिन्या असतात. त्यातलं रक्त आणि उरलेला बलक याच वेळात पिल्लाच्या शरीरात जात असतो. आपल्याला वाटतं ते अडकलंय, पण ते आपली तयारी करत असतं. चोवीस तास उलटून गेले आणि पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लाला चिकटला असेल, तरच कोमट पाण्याने तो ओला करून छिद्राजवळचा थोडासा भाग हलक्या हाताने सोडवावा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबायचं.

पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे बूड चिकटणं. शेपटीखाली विष्ठा वाळून घट्ट गोळा होतो, वाट बंद होते, आणि लक्ष दिलं नाही तर पिल्लू दगावतं. गारठा, अति उष्णता, पाणी कमी पडणं ही त्याची नेहमीची कारणं. गोळा ओढून काढू नका, पिसांबरोबर कातडीही निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर धरून ठेवा, मऊ झाला की पुसून घ्या, पिल्लू पूर्ण कोरडं करा आणि तिथे खोबरेल तेलाचं बोट लावा. दिवसातून दोनदा पाहायचं. मात्र एक घोटाळा टाळा! पोटाखाली, पायांच्या मधे बेंबीची काळी खपली असते. कधी दोऱ्यासारखा वाळलेला धागाही लोंबतो. ती घाण नव्हे. ती ओढली तर आतडं बाहेर येऊ शकतं. ती आपोआप गळते.

विष्ठेवर थोडा पांढरा भाग असतोच, पक्ष्यांची लघवी तशीच असते. पण पातळ पांढरी हगवण होऊन एकामागून एक पिल्लं झोपत असतील तर तो संसर्ग असू शकतो, घरगुती उपाय करत बसू नका.

पाय फाकणं हा प्रकार बरा होतो, फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात यायला हवा. दोन्ही पाय बाजूला घसरतात, उभं राहता येत नाही. बऱ्याचदा दोष जमिनीचा असतो. खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं की पाय सरकतात. जखमेची चिकटपट्टी बारीक कापून दोन्ही पायांना सैलसर बांधा, मधे नैसर्गिक उभं राहण्याइतकं अंतर ठेवून. गोणपाटावर ठेवा. दोन ते चार दिवसांत बहुतेक पिल्लं चालायला लागतात. बोटं आत वळली असतील तर ब जीवनसत्त्वाची, विशेषतः रायबोफ्लेविनची, कमतरता असू शकते. औषधाचं प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

दुबळं पिल्लू वेगळं करताना अगदी एकटं ठेवू नका, ते ओरडून ओरडून थकतं. त्याच खोक्यात मधे जाळी लावली तर बाकीची टोचत नाहीत आणि सोबतही राहते. मात्र हगवणीसारखा संसर्ग वाटला तर खोकंच वेगळं हवं.

मुलांच्या बाबतीत

पिल्लं धडधाकट दिसली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. पाच वर्षांखालच्या मुलांनी हाताळू नयेत, आणि पापे तर कुणीच घ्यायचे नाहीत. एकदम बरीच पिल्लं किंवा कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरून चालणार नाही.

जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात. ती बहुधा अंड्यांसाठी पाळतात त्या जातीचे नर असतात, उबवणी केंद्राला नकोसे. भिजलेली, उन्हात फिरवलेली, तहानलेली. मूल हट्ट करेल, पण घरी बल्ब, खोकं आणि महिनाभर लक्ष द्यायला माणूस नसेल तर घेऊ नका, असं मी पालकांना स्पष्ट सांगते.

डब्यातलं ते पिल्लू बल्बखाली तासाभरात उभं राहिलं, संध्याकाळी पाणी प्यायलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याचं पोट फुगून निळसर झालं आणि घाण वास यायला लागला. बेंबी नीट मिटली नव्हती, तिथून जंतू आत गेले होते. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी आशा नसल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेलं.

मुलीने विचारलं, "बाई, माझ्यामुळे मेलं का?" मी तिला बेंबीचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. खुराड्यात ओल होती, घाण होती, जंतू तिथूनच आले असणार, हेही सांगितलं. "ते झोपलं" असं म्हणायचं मी टाळलं. आम्ही शाळेमागे हातभर खोल खड्डा करून चुना टाकून ते पुरलं आणि सगळ्यांनी हात धुतले. त्या आठवड्यात तिने आजोबांकडून खुराड्यातली जुनी गवताची बैठक काढून टाकली आणि कोरडं भाताचं तूस अंथरून घेतलं. आता त्यांची दुसरी कोंबडी अंड्यांवर बसली आहे.