जुन्या घराची डोअरबेल: वायर कुठून येते आणि ती कशी बदलायची?

रमजानमध्ये इफ्तारच्या अर्धा तास आधी मोहल्ल्यात सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण म्हणजे दारावरची बेल. एका हातात रुमालाने झाकलेली प्लेट, दुसरा हात बेलवर, आणि दाबणारं बहुतेक सात-आठ वर्षांचं पोरगं. कधी नुकतंच वुजू केलेलं, हात ओले, पायात चप्पल नाही. म्हणून हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत त्या बटणात थेट 230 व्होल्टचा करंट असतो.

अमेरिकेत बेलसाठी घरात वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत 16 ते 24 व्होल्टच पोचतात. आपल्याकडे बेल ट्यूबलाइटसारखीच जोडलेली असते, फक्त स्विच दाराबाहेर, उन्हापावसात. बटण दाबलेलं नसलं तरी त्याच्या आत करंट हजर असतो, हे लक्षात ठेवा. वायरमनने फेजची वायर बटणातून नेली असेल तर फेज तिथे असतोच. चुकून न्यूट्रल बटणातून नेली असेल तरी बेलच्या कॉइलमधून फेज बटणापर्यंत येतो, आणि वर बेलसुद्धा चोवीस तास जिवंत राहते. पावसाळ्यात बटणाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर 'जुनं झालंय' म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशीच बंद करा.

वायर शोधण्याचं काम शहागंज, चेलीपुरा, नवाबपुरा, बुढीलेनच्या जुन्या घरांत जरा अवघड जातं. दगड-चुन्याच्या जाड भिंती, वर अनेक वर्षांचे रंगाचे थर. मलिक अंबरच्या नहरीसारखं आहे हे: पाणी येतं ते सगळ्यांना दिसायचं, नळ कुठून गेलाय ते खोदल्यावरच कळायचं. पण अशा भिंतींच्या आत सहसा पाइप नसतो. वायर लाकडी पट्टीवर टिनच्या क्लिपांनी बसवलेली असते किंवा केसिंगमध्ये असते, आणि चौकटीला पाडलेल्या भोकातून बाहेर जाते. रंगाखाली दबलेली पट्टी हाताने चाचपली तरी सापडते. नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्यांत मात्र पाइप भिंतीत असतो. तो सहसा बोर्डापासून सरळ वर जातो आणि छताजवळून आडवा. त्यामुळे बेलच्या आणि बटणाच्या सरळ वरखाली खिळा ठोकू नका.

सुरुवात बेलच्या डब्यापासून करा, बटणापासून नाही. घरातल्या एकाला बेल वाजवत ठेवायला सांगा आणि एकेक एमसीबी (किंवा जुना किटकॅट फ्यूज) बंद करत जा. ज्याने बेल थांबली, ती तिची लाइन.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं इन्व्हर्टर. बेल बऱ्याचदा इन्व्हर्टरच्या लाइनवर असते. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर लगेच तिला करंट देतो. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. दुसरी गोष्ट आपल्या वाड्यांत जास्त दिसते. दादांच्या काळात घर एक होतं, देवडीतली बेल एक होती. पुढे भावाभावांत वाटणी झाली, मीटर वेगळे झाले, पण बेलची वायर कुणी हलवली नाही. आता बेल वाजते तुमच्याकडे, करंट येतो चुलत्यांच्या मीटरवरून. तुम्ही आपला मेन पाडून बिनधास्त बटण उघडलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री करा, मगच बटणाच्या दोन्ही टोकांना लावा. आणि वायर शेजारच्या मीटरवरून येत असेल तर वाद न घालता दोन घरांनी मिळून एकदाच वायरमन बोलवा.

उघडल्यावर आत काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. कापडाची वेणी असलेली रबराची काळी वायर असेल तर ती वाकवताच रबराचा भुगा होतो. ॲल्युमिनियमची वायर असेल तर स्क्रूपाशी तुटते, तांब्याला जोडलेली गाठ ढिली पडून तापते. अशी वायर वाचवण्यात अर्थ नाही. पूर्ण बदला. पाइपमधली असेल तर जुन्या वायरच्या टोकाला नवी घट्ट बांधून दुसऱ्या बाजूने ओढता येते. नवी वायर आयएसआय मार्कचीच घ्या.

बटण अडकलेलं आहे का, तेही बघा. टिंग-टाँग बेलमध्ये कॉइल असते. दाबल्यावर दांडी एका पट्टीवर आपटते, सोडल्यावर स्प्रिंगने परत येऊन दुसऱ्या पट्टीवर. रंगाने किंवा गंजाने बटण दाबलेलंच राहिलं तर फक्त घूं असा आवाज येत राहतो आणि कॉइल तापून जळते.

आता बदलायचं काय? आमच्या मते बाहेरच्या बटणात 230 व्होल्ट ठेवूच नयेत. चांगला उपाय म्हणजे आत बोर्डाजवळ 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 12 व्होल्टची बेल आणि बटणापर्यंत नवी, वेगळी वायर. ही वायर मेनच्या वायरीसोबत एका पाइपात टाकायची नाही. स्वस्त आणि सोपा उपाय वायरलेस बेलचा: बाहेर बॅटरीचं बटण, आत प्लगमध्ये लावायचा रिसीव्हर. फक्त दोन फुटी दगडी भिंत किंवा लोखंडी गेट मध्ये असेल तर सिग्नल कमी होतो. चिकटवण्याआधी दार बंद करून आतल्या खोलीपर्यंत वाजवून बघा. रिसीव्हर हलवता येतो, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कमी ऐकू येणाऱ्या दादीजवळ तो ठेवता येतो. काही बेलमध्ये सोबत दिवाही लागतो.

जुनी पद्धतच ठेवायची असेल तर किमान पाणी न शिरणारं बटण आणि घराच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. न्यूट्रल एकमेकांत मिसळलेल्या जुन्या घरात तो वारंवार पडतो, मग काही जण त्याला बायपास करून देतात. तसं करू देऊ नका, न्यूट्रल सुधारून घ्या. वायरमन परवानाधारक असावा.

परदेशातून कुणी व्हिडिओ डोअरबेल आणली असेल तर आधी तिच्यावरचं व्होल्टेज वाचा. 16 ते 24 व्होल्टची बेल जुन्या बेलच्या वायरीला जोडली की त्याच क्षणी जळेल. बॅटरीची असेल तर ही अडचण नाही, पण वायफाय जाड भिंतीतून दारापर्यंत पोचतं का आणि लाइट गेल्यावर राउटर चालू राहतो का, ते तपासा. घरात एकट्या असलेल्या बायकांना दार न उघडता कोण आहे ते कळतं, हा तिचा खरा फायदा.

पण आपल्या गल्ल्या अरुंद. समोरच्याचं दार उघडलं की त्यांचं अंगण तुमच्या मोबाइलवर. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत आणि सलाम सांगितला आहे. तीनदा विचारूनही जबाब आला नाही तर परत फिरावं, असं हदीसमध्ये आहे. कॅमेऱ्यालाही हा अदब लागू आहे असं आम्हाला वाटतं. तो थोडा खाली, आपल्याच उंबऱ्याकडे वळवा आणि लावण्याआधी समोरच्यांना चित्र दाखवा.